गांडुळांपाशी थांबलेला डार्विन

चार्ल्स डार्विन हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती ‘बीगल’ जहाजावरची सफर, गालापागोस बेटांवरील महाकाय कासवे आणि माणूस व वानर यांच्या नात्यावरून उठलेले वादळ. शाळेच्या पुस्तकात डार्विन येतात ते एवढ्यापुरतेच. त्याच पुस्तकात, काही पाने मागे किंवा पुढे, गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र असल्याचेही आपण पाठ केलेले असते. या दोन धड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः गांडुळाला ही मैत्रीची पदवी ज्यांच्यामुळे मिळाली, त्यांत डार्विन यांचे नाव अग्रभागी आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने आयुष्यातले शेवटचे पुस्तक लिहिले ते गांडुळांवर; आणि त्या पुस्तकामागचा विचार थोडाथोडका नव्हे, तर चव्वेचाळीस वर्षे त्यांच्या मनात घोळत होता.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट हे नामांकित डॉक्टर. आई सुझाना ही चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचा असताना ती वारली. मुलाने आपल्यासारखेच डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरोला पाठवले. पण भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहणे त्याला असह्य झाले आणि दोन वर्षांत तो परत आला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिज. तेथेही अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यातच त्याचे मन अधिक रमले. ‘बीगल’वर जाण्याची संधी चालून आली तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. त्या वेळी मध्यस्थी करून त्यांचे मन वळवले ते चार्ल्सचे मामा जोसाया वेजवुड यांनी. हे मामा नसते तर ती सफर घडली नसती. पुढे गांडुळांकडे भाच्याचे लक्ष वेधणारेही हेच मामा, आणि कालांतराने सासरेही हेच.

डिसेंबर १८३१ मध्ये निघालेले जहाज ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले. त्या सफरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याची पुनरुक्ती नको. परतल्यानंतर डार्विन मामांच्या मेअर येथील घरी गेले असता मामांनी त्यांना आपल्या कुरणात नेले. काही वर्षांपूर्वी त्या कुरणावर चुना आणि कोळशाची राख पसरण्यात आली होती. आता वर त्यांचा मागमूसही नव्हता. गवत उकरून पाहिले, तेव्हा जमिनीखाली काही इंचांवर चुन्याचा आणि राखेचा सलग थर सापडला. जमीन नांगरलेली नव्हती, कोणी खणलेलीही नव्हती. मग हा थर खाली गेला कसा? मामांचा तर्क असा, की थर खाली गेलाच नाही. गांडुळांनी खालची बारीक माती खाऊन ती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकली आणि थर तिच्याखाली गाडला गेला. एका जमीनदाराचे हे घरगुती निरीक्षण. दुसऱ्या कोणी ते ऐकून सोडून दिले असते.

१ नोव्हेंबर १८३७ रोजी डार्विन यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्र परिषदेपुढे याच विषयावर निबंध वाचला. दक्षिण अमेरिकेतील भूकंप आणि उंचावलेले समुद्रकिनारे पाहून आलेल्या या तरुणाकडून सभासदांनी गांडुळांची अपेक्षा खचितच केली नसेल. पण याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. सजीवांच्या जाती बदलतात काय, या प्रश्नावरची आपली पहिली खासगी टिपणवही त्यांनी उघडली होती. गांडूळ आणि उत्क्रांती हे दोन विचार असे एकाच वर्षी, एकाच डोक्यात रुजले. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अत्यंत क्षुल्लक वाटणारे कारण, पुरेसा काळ मिळाला तर प्रचंड परिणाम घडवते, ही दोहोंमागची धारणा एकच आहे. प्रवाळबेटांवरचे त्यांचे १८४२ मधील पुस्तकही तीच धारणा मांडते. तेथे काम करतात ते इवलेसे प्रवाळ, येथे गांडुळे.

१८३९ मध्ये मामांची मुलगी एमा हिच्याशी डार्विन यांचा विवाह झाला. तीन वर्षांनी हे जोडपे लंडन सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहायला आले. प्रकृती ढासळलेली होती. मळमळ, धडधड आणि थकवा यांनी डार्विनना उर्वरित आयुष्यभर सोडले नाही. डाउन हाउसभोवतीची बाग, कुरणे आणि फिरण्यासाठी आखलेली वाळूची पायवाट हीच यापुढे त्यांची प्रयोगशाळा झाली. आल्या आल्याच, २० डिसेंबर १८४२ रोजी, त्यांनी घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरवून घेतले. उद्देश एवढाच, की पुढेमागे ते किती खोल गेले हे मोजता यावे. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस होते.

त्यानंतर काय काय घडले, ते आठवून पाहावे. समुद्रातील शंखपादांवर त्यांनी आठ वर्षे खर्ची घातली. १८५१ मध्ये लाडकी कन्या अ‍ॅनी दहाव्या वर्षी दगावली. १८५८ मध्ये वॉलेस यांचे पत्र आले आणि वीस वर्षे दडवून ठेवलेला सिद्धांत घाईघाईने जगापुढे आणावा लागला. पुढच्याच वर्षी जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, निंदा आणि स्तुती यांचा वर्षाव झाला. १८७१ मध्ये मानवाच्या वंशावळीवरील पुस्तकाने त्यात भर घातली. कुरणातले खडूचे तुकडे या साऱ्या काळात गवताखाली निमूट पडून होते. १८७१ च्या नोव्हेंबरअखेरीस डार्विन यांनी तेथे चर खणून घेतला. चराच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खड्यांची रेषा स्पष्ट दिसत होती, पृष्ठभागापासून सात इंच खाली. एकोणतीस वर्षांत सात इंच, म्हणजे वर्षाला पाव इंचाहूनही थोडे कमी. विज्ञानाच्या इतिहासात एवढा काळ वाट पाहणारे प्रयोग थोडेच आढळतील. जवळच दुसरे एक शेत होते. ते १८४१ मध्ये शेवटचे नांगरले गेले, तेव्हा गारगोट्यांनी इतके भरलेले होते की मुले उतारावरून धावली की दगडांचा खडखडाट होई. तीस वर्षांनी त्याच शेतातून घोडा भरधाव गेला तरी त्याच्या टापेला दगड लागत नव्हता.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर एका आक्षेपात आहे. १८६९ मध्ये बागकामाच्या एका इंग्रजी नियतकालिकात फिश नावाच्या लेखकाने डार्विन यांच्या जुन्या निबंधाची टर उडवली होती. गांडुळासारखा दुबळा आणि एवढासा जीव इतके अवाढव्य काम करील हे संभवतच नाही, असा त्यांचा मुद्दा. डार्विनना हा आक्षेप झोंबला तो गांडुळांच्या प्रेमापोटी नव्हे. नैसर्गिक निवडीवरचा आक्षेपही शब्दशः हाच होता. पिढीगणिक होणाऱ्या सूक्ष्म फरकांनी डोळ्यासारखे अवयव घडतील कसे, असे टीकाकार विचारत. त्या प्रश्नाला लाखो वर्षांचा काळ हेच उत्तर होते, आणि लाखो वर्षे कोणाला दाखवता येत नाहीत. गांडुळांचे काम मात्र एका माणसाच्या आयुष्यात, फूटपट्टी लावून, मोजून दाखवता येत होते. गांडुळांवरचा प्रयोग जिंकणे म्हणजे आपली विचारपद्धती जिंकणे, हे त्यांनी ओळखले होते.

सत्तरच्या दशकात डार्विन या कामात पूर्णपणे उतरले. गांडुळे रात्री पृष्ठभागावर विष्ठेची जी वेटोळी टाकतात, ती ठराविक चौरसातून वर्षभर गोळा करून, वाळवून, तोलून त्यांनी हिशेब मांडला. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते, असा निष्कर्ष निघाला. जर्मन शास्त्रज्ञ हेन्सेन यांनी बागेच्या एका एकरात सुमारे ५३ हजार गांडुळे असल्याचा अंदाज केला होता. त्याचाही आधार त्यांनी घेतला. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे या हिशेबात हिंदुस्थानही आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जॉन स्कॉट यांनी बंगालच्या दमट हवेतील गांडुळांची निरीक्षणे डार्विनना कळवली. भातखाचरांतील पाणी ओसरताच सारी जमीन थोड्याच काळात वेटोळ्यांनी कशी भरून जाते, हे त्यांनी लिहिले होते. त्याच उद्यानाचे अधीक्षक डॉ. किंग यांनीही नमुने पुरवले. निलगिरी पर्वतावरून मिळालेले एक वेटोळे तर पाव पौंडाहून जड भरले. डाउनच्या अभ्यासिकेत बसून आपल्याकडच्या मातीचे वजन करणारे डार्विन ही कल्पनाच मोठी मौजेची आहे.

१८७७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तब्येतीची पर्वा न करता ते आगगाडीचा आणि गाडीचा लांबचा प्रवास करून स्टोनहेंज पाहायला गेले. त्या प्राचीन शिळांचा इतिहास त्यांना नको होता. आडव्या पडलेल्या शिळा गांडुळांमुळे किती रुतल्या, एवढेच त्यांना पाहायचे होते. तेथे गांडुळे फारशी कामाला लागलेली दिसली नाहीत, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. सरे परगण्यातील अ‍ॅबिंजर येथे मात्र जमिनीखाली गडप झालेल्या रोमन घराच्या फरशीतून गांडुळे वर येताना आढळली. प्राचीन अवशेष गाडून सुरक्षित ठेवण्याच्या कामी गांडुळांचा मोठा वाटा आहे, पुरातत्त्ववेत्त्यांनी त्यांचे ऋण मानावे, असे डार्विन यांचे मत बनले.

यापुढचा भाग घरात घडला. मातीने भरलेल्या कुंड्या अभ्यासिकेत आल्या आणि त्यांतील गांडुळांच्या ज्ञानेंद्रियांची परीक्षा सुरू झाली. त्यांच्यापुढे कर्कश शिट्टी वाजवली गेली, मुलगा फ्रान्सिसने बॅसून हे वाद्य जोरात फुंकले, आरडाओरडा झाला. गांडुळे ढिम्म. पण त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एखादा स्वर दाबताच ती विजेच्या वेगाने बिळात शिरली. ध्वनी त्यांना ऐकू येत नाही, कंप मात्र जाणवतो, हे त्यावरून ठरले. रात्री लाल व निळ्या काचेचा कंदील घेऊन प्रकाशाची परीक्षा झाली. त्यांच्या जेवणाच्या आवडीनिवडीही नोंदल्या गेल्या. कोबीपेक्षा गाजराची पाने त्यांना अधिक प्रिय असल्याचे आढळले. या साऱ्या उद्योगात घरातली सगळी माणसे सामील होती. ज्यांना आपण गंभीर दाढीच्या छायाचित्रातून ओळखतो, त्यांच्या घरातले हे दृश्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सर्वांत बारकाईचे प्रयोग झाले ते पालापाचोळ्यावर. गांडुळे गळलेली पाने आपल्या बिळाच्या तोंडाशी ओढून नेतात. काही खाण्यासाठी, काही बीळ बुजवण्यासाठी. पण ती पान कोणत्या बाजूने धरतात? डार्विन यांनी बिळांतून २२७ वाळलेली पाने उपसून काढली. त्यांपैकी १८१, म्हणजे शंभरात ऐंशी, टोकाकडून ओढलेली होती. देठाकडून ओढलेली अवघी वीस. अरुंद बाजूने ओढले की पान बिळात सहज शिरते. मग त्यांनी कागदाचे निमुळते त्रिकोण कापून बागेत टाकले. अशा ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के निमुळत्या टोकाकडून ओढले गेले. कागदाचा त्रिकोण गांडुळाच्या पूर्वजांनी कधी पाहिला असण्याची शक्यता नाही. तेव्हा ही केवळ उपजत सवय नसून आकार चाचपून निर्णय घेण्याची थोडीफार बुद्धी असावी, असे अनुमान डार्विन यांनी काढले. बुद्धी हा शब्द वापरावा की नाही यावर मतभेद होऊ शकतात. नोंदी निर्दोष आहेत.

पान ओढून नेल्यावर काय होते, हेही त्यांनी पाहिले. गांडूळ पानावर आधी एक स्राव सोडते, त्याने पान मऊ पडते. गांडुळाला दात नाहीत. पोटातील स्नायूंच्या पिशवीत वाळूचे कण असतात, तेथे पान आणि माती एकत्र दळली जाते. कुजणाऱ्या पानांतील आम्ल सौम्य करण्यासाठी अन्ननलिकेजवळ चुना स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. या गिरणीतून बाहेर पडते ती काळसर, दाणेदार, वनस्पतींना तत्काळ घेता येईल अशी माती. आज सोसायट्यांच्या आवारात, गच्चीवर आणि महापालिकेच्या उद्यानांत जे गांडूळखत तयार होते, त्याचे सारे मर्म या वर्णनात आहे.

मात्र येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण शहरातील अनेक हौशी मंडळींचा याच ठिकाणी घोटाळा होतो. डार्विन यांनी मुख्यतः ज्या गांडुळाचा अभ्यास केला, ते युरोपातील मोठे गांडूळ, ल्युम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, जमिनीत उभे आणि खोल बीळ करून राहते व रात्री वर येऊन पाने खाली नेते. ते खताच्या पेटीत रमत नाही. एकोणिसाव्या शतकात गांडुळांच्या राहणीतील हा भेद पुरेसा स्पष्ट नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी त्यांची तीन गटांत विभागणी केली. पृष्ठभागावरच्या पाचोळ्यात आणि शेणात राहणारी, मातीच्या आत आडवी बिळे करून माती खाणारी, आणि खोल उभ्या बिळात राहून वरचा पाचोळा खाली ओढणारी. आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत ज्याचे विच्छेदन केले ते फेरेटिमा पोस्थुमा माती खाणाऱ्यांपैकी. पावसाळ्यात अंगणात सापडणारे गांडूळ उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकले आणि ते आठवड्यात नाहीसे झाले, की लोक गांडूळखताला दोष देतात. दोष गांडुळाचा नसतो. त्याला माती हवी होती, आपण त्याला पाचोळा दिला.

पेटीसाठी हवीत पहिल्या गटातील गांडुळे, आणि त्यांचेही स्वभाव निराळे. आयसेनिया फेटिडा हे मूळचे युरोपीय, तांबूस, पट्टेदार. थंडी आणि उकाडा दोन्ही बऱ्यापैकी सोसते, म्हणून नवशिक्याला तेच बरे. डिवचल्यावर ते दुर्गंधी स्राव सोडते. त्याच्या नावातच तो गुण नोंदला आहे. युड्रिलस युजेनी हे पश्चिम आफ्रिकेतले. आकाराने मोठे, खादाड आणि झपाट्याने वाढणारे. मुंबई किंवा कोकणाच्या उबदार, दमट हवेत ते उत्तम काम करते, पण कडाक्याच्या थंडीत सुस्तावते. पेरिओनिक्स एक्सकेव्हेटस हे आपल्याच प्रदेशातले, सडपातळ, जांभळट झाक असलेले आणि विलक्षण चपळ. पावसाळी रात्री पेटी सोडून भिंतीवर चढण्याची त्याला खोड आहे, त्यामुळे झाकण घट्ट बसणारे हवे.

बागेतल्या कचऱ्याचेही असेच आहे. पाने म्हणजे सगळी सारखी नव्हेत. गुलमोहर किंवा वर्षावृक्षाची चिमुकली पर्णिका लवकर कुजते. आंबा, फणस, वड यांच्या जाड, मेणचट पानांना महिनोन्‌महिने लागतात. ती आधी बारीक करून घ्यावीत. सरूच्या काड्या आणि निलगिरीची तेलकट पाने पेटीत थोडीच टाकावीत. डार्विन यांच्या गांडुळांनीसुद्धा पाइनच्या सुया खाल्ल्या नव्हत्या, नुसत्या बिळाला अस्तर म्हणून वापरल्या होत्या. हिरवळ कापल्यावर निघणारे ताजे गवत हे नवख्यांचे दुसरे फसगतीचे ठिकाण. त्याचा ढीग केला की एक-दोन दिवसांत आत इतकी उष्णता निर्माण होते की गांडुळे होरपळून मरतात. म्हणून सुकी पाने आणि ओला कचरा आलटून पालटून रचावा, वर शेणकाला शिंपडावा आणि दोन-तीन आठवडे ढीग तसाच तापू द्यावा. या तापण्याने तणांचे बरेचसे बीही मरते. गांडुळे ते मारू शकत नाहीत. हात घालून ढीग थंड लागला, मगच गांडुळे सोडावीत. थर एक-दीड फुटांपेक्षा उंच नको, कारण ही गांडुळे खोल जात नाहीत आणि उंच थर पुन्हा तापतो. वर ओले गोणपाट, डोक्यावर सावली, मुंग्यांसाठी पायांना पाण्याच्या वाट्या. मूठभर मिश्रण पिळले असता पाण्याचे एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. अशी काळजी घेतली तर दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे, मातीचा वास येणारे खत हाती लागते.

एवढे असूनही हिवाळ्याच्या सकाळी शहरांतून पाला जाळल्याचा धूर दिसतोच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, बागेचा कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले, तरी झाडू मारणाऱ्याला काडी ओढणे सोपे वाटते. जी पाने डार्विन यांनी एकेक मोजली, ती आपण पोत्यांनी जाळतो.

याच विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गांडूळ सर्वत्र उपकारकच असते असे नाही. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगानंतर गांडुळेच उरली नव्हती. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर ती तेथे पोहोचली आणि काही जंगलांतला पाचोळ्याचा जाड थर त्यांनी फस्त केला. त्यावर जगणाऱ्या रानरोपांना त्याची झळ बसली. परदेशी जातींची गांडुळे पेटीत ठेवावीत, रानात नेऊन सोडू नयेत. शेतीत मात्र त्यांचे मोल मोठे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगाच्या धान्य उत्पादनातील सुमारे साडेसहा टक्के वाटा गांडुळांच्या खात्यावर मांडला. डार्विन हयात असते तर त्यांनी आधी तो हिशेब तपासून पाहिला असता.

त्यांचे स्वतःचे पुस्तक १० ऑक्टोबर १८८१ रोजी प्रसिद्ध झाले. त्या वर्षी ते खचलेले होते. थोरले बंधू इरॅस्मस ऑगस्टमध्ये गेले होते, छातीत कळा येत होत्या, आणि नवे मोठे काम हाती घेण्याचे बळ उरले नव्हते. गांडुळांवरच्या पुस्तकाला फारसे वाचक लाभतील अशी आशा त्यांना नव्हती. घडले उलटेच. काही महिन्यांत हजारो प्रती संपल्या. माळी, शेतकरी, पाद्री आणि गृहिणी यांची पत्रे डाउनला येऊन पडू लागली. प्रत्येकाला आपल्या बागेतल्या गांडुळांविषयी काहीतरी कळवायचे होते. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने १८८२ च्या वार्षिकासाठी गांडुळापासून वानर आणि वानरापासून थेट डार्विन यांच्यापर्यंत पोहोचणारे व्यंगचित्र छापले. देवाधर्माच्या वादात न पडता लोकांनी आनंदाने वाचलेले डार्विन यांचे हे पुस्तक, आणि त्यात मांडलेला युक्तिवाद तोच, ज्यावरून बावीस वर्षांपूर्वी त्यांना शिव्याशाप मिळाले होते. या विसंगतीकडे तेव्हा किती जणांचे लक्ष गेले असेल, कोण जाणे.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउन हाउसमध्ये डार्विन यांचे निधन झाले. गावच्या चर्चच्या आवारातच आपल्याला मूठमाती मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि गावच्या सुताराने साधी शवपेटीही तयार केली होती. पण लंडनमधील शास्त्रज्ञांनी आणि लोकप्रतिनिधींनी आग्रह धरला. २६ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये, न्यूटन यांच्या समाधीपासून काही पावलांवर, फरशीखाली त्यांना पुरण्यात आले.

डाउनच्या बागेत एक काम अपुरे राहिले होते. धाकटा मुलगा होरेस हा उपकरणे बनवण्यात वाकबगार. वडिलांसाठी त्याने मधोमध भोक असलेला एक सपाट गोल दगड गवतावर ठेवला होता. भोकातून खोल रोवलेली धातूची कांब स्थिर राहायची आणि गांडुळांच्या पोखरण्याने दगड खाली जायचा. दोहोंतील अंतर सूक्ष्म मोजपट्टीने मोजायचे. वडिलांच्या मृत्यूनंतरही होरेसने ही मोजमापे चालू ठेवली आणि १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. दगड वर्षाला सुमारे दोन मिलिमीटर खाली जात होता.